मास्तरांची खोच

कबड्डीचा सीझन संपला की लोकांना वाटतं, आम्ही सगळे आमरस हाणून दुपारभर झोपतो. खरी मारामारी तेव्हा सुरू होते, आणि तिला पंच नसतो.

आमचा संघ कृष्णा कोब्राज, मुक्काम सांगली. राष्ट्रीय कबड्डी लीगचा नियम असा, की सीझननंतर प्रत्येक संघानं चार खेळाडू आणि एक प्रशिक्षक राखायचे. बाकीचे मोकळे. मोकळ्या खेळाडूला मग कुठलाही संघ उचलू शकतो. कुणाला राखायचं आणि कुणाला सोडायचं, हे पूर्वी मालक, प्रशिक्षक आणि मालकांचे ज्योतिषी मिळून ठरवायचे. आता ज्योतिष्यांच्या खुर्चीवर मी बसते. मी रेवती कुंभोजकर, आवाजाची इंजिनियर. प्रशिक्षक श्रीपती मास्तर हे माझे वडील, म्हणजे अण्णा. बापलेक एकाच संघात म्हणून ऑफिसात आमच्या पाठीमागं ‘घरचं कार्य’ म्हणतात. म्हणोत बापडे. अण्णा माझ्याआधी पाच वर्षं इथं आहेत, आणि माझी मुलाखत त्यांनी घेतली नव्हती.

चढाई करणाऱ्यानं एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं आणि दम तुटला की बाद, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण स्टेडियमभर माणसं ओरडत असताना पंचाला तो दम ऐकू कसा येणार? म्हणून लीगनं प्रत्येक चढाईपटूच्या कॉलरमध्ये चण्याएवढा माईक बसवला. त्याचा एक फायदा कुणाच्या डोक्यातही नव्हता. देशातल्या प्रत्येक चढाईचा आवाज जसाच्या तसा साठत गेला. त्या साठ्यावर मी ‘दमदार’ नावाची प्रणाली बांधली. सामन्याच्या शेवटाकडे कुणाचा दम आखूड होतो, कुणाची अक्षरं थकल्यावर एकमेकांत मिसळतात, हे ती सांगते. खेळाडू राखताना तेवढं पुरायचं.

यंदा आमच्या सीईओ इशिता पारीख यांनी तिला बंगळूरच्या एका कंपनीकडून आणखी एक भाग जोडून घेतला. हजारो रुग्णांचे आवाज ऐकून तो तयार झाला होता. हात थरथरायच्या किंवा पाय लटपटायच्या कितीतरी आधी मज्जातंतूंचे काही आजार जिभेवर दिसतात, आणि ते तो ओळखतो. “खेळाडू घ्यायच्या आधी त्याची एक्स्पायरी कळायला हवी,” मॅडम म्हणाल्या होत्या. दुधाची पिशवी उलटीपालटी करून बघावी, तसं म्हणाल्या.

बुधवारी दुपारी निकाल आला आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. पडद्यावर दिगंबर चौगुलेच्या नावापुढे लाल पट्टी होती.

दिगंबर म्हणजे आमचा कप्तान. सत्तावीस वर्षांचा, भरल्या अंगाचा, पाच जणांच्या साखळीतून मधल्या रेषेपर्यंत फरफटत येणारा. त्याला सोडायचं असं सांगलीत कुणी मोठ्यानं म्हणालं असतं, तर त्या माणसाला घरी जायला रिक्षा मिळाली नसती. आणि त्याच्या नावाखाली लिहिलं होतं : जीभ आणि ओठांच्या हालचालींत वाढता खंड, मज्जासंस्थेचा ऱ्हास, शक्यता दाट.

मी आलेख उघडला. तीन सीझनमागे त्याचं ‘कबड्डी’ सरळ रेषेत चालत होतं. मग ‘ड्डी’च्या आधी एक बारीक अडखळ आली. नुसत्या कानाला कळणार नाही, इतकी बारीक. पुढच्या सीझनला ती वाढली, यंदा आणखी वाढली. आजाराच्या पुस्तकात असा आलेख छापला असता तर शोभला असता. या पोरानं सहावीत असताना आमच्या अंगणात बसून माझ्या आईच्या हातची थालीपिठं खाल्ली होती.

मॅडम त्या दिवशी सांगलीतच होत्या. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

त्यांनी आलेख दोनदा पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली. “सोडा त्याला.”

“मॅडम?”

“उद्या संध्याकाळी पाचला यादी बंद होते. त्याच्या जागी हरियाणाचा तो डावखुरा राखू या.”

“पण सोडलं तर त्याची सगळी नोंद लीगच्या सामायिक साठ्यात जाते. ही लाल पट्टीसुद्धा जाईल. कुठलाच संघ त्याला हात लावणार नाही.”

“बरोबर आहे. म्हणजे निदान कुणी फसणार नाही.”

“आणि त्याला कोण सांगणार?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या दुष्ट बाई नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच अवघडलेपण होतं. “रेवती, आपण डॉक्टर नाही. फाईल उघडली की त्याला कळेलच ना.”

माणसाला आपल्या मेंदूचा आजार फाईल उघडून कळणार, आणि त्याच्याआधी तो दिल्लीच्या, पाटण्याच्या, चेन्नईच्या ऑफिसांत वाचला जाणार. सही उरकताना लागतो तसल्या कोरड्या आवाजात मॅडम बोलत होत्या, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये दिगंबरचा दारावर मावणार नाही एवढा मोठा फोटो लावलेला होता.

जागेवर येऊन मी उरलेला संघ तपासला. खरं तर हात कामात राहावेत म्हणूनच. हरियाणाची पोरं हिरवी, तामिळनाडूची हिरवी. मग आमच्या बालवीर क्रीडा मंडळाची, म्हणजे अण्णांनी दिगंबरसारखीच लहानपणापासून घडवलेली, बदली पोरं आली. एक लाल. दुसरा लाल. तिसरा आणि चौथा पण. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, आणि सगळ्यांची अडखळ त्याच जागी. माझ्या डोक्यात भलतंसलतं यायला लागलं. बोअरचं पाणी? ती प्रोटीनची पावडर? मैदानावर मारतात ते औषध? घाबरून मी गाडी काढली आणि थेट मिरज गाठली.

डॉक्टर नीलाक्षी उपळेकर मेंदूविकारांच्या तज्ज्ञ. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची थोरली बहीण, म्हणून रांग सोडून आत घेतलं. त्यांनी दिगंबरची एक चढाई ऐकली आणि हसल्याच.

“अगं, ही तर आमचीच तपासणी आहे!”

“म्हणजे?”

“आम्ही रुग्णाला सांगतो, एका दमात भराभर ‘पाटाका पाटाका’ म्हणा. ‘पा’ला ओठ लागतात, ‘टा’ला जिभेचं टोक, ‘का’ला जिभेचा मागचा भाग. मेंदूकडून तिन्ही ठिकाणी हुकूम वेळेवर गेला तरच ते सरळ येतं. तारा खराब व्हायला लागल्या की अडखळ येते. आता तुझं ‘कबड्डी’ बघ. मागची जीभ, मग ओठ, मग जिभेचं टोक. क्रम फक्त वेगळा. आम्ही पाच सेकंद म्हणून घेतो आणि ही मुलं वर्षभर म्हणतात. एवढी नोंद आमच्याकडे कुणाची नसते.”

“मग मशीन बरोबर आहे?”

त्यांचं हसू गेलं. “एकाच माणसाचं असतं तर मी त्याला उद्याच बोलावलं असतं. पण पाच तरणी पोरं, एकाच मंडळाची, अडखळ एकाच अक्षरावर? असा आजार नसतो, रेवती. आजार इतका शिस्तीत येत नाही. तू असं कर, त्यांना ‘पाटाका’ म्हणायला लाव. तारा खराब असतील तर कुठलाही शब्द अडखळेल.”

गुरुवारी सकाळी मी मैदानावर गेले. सीझन नसला तरी बालवीरची पोरं रोज येतात, आणि सरावाची त्यांची एक रीत आहे. अण्णा मधल्या रेषेवर उभे राहून मोठ्यानं ‘कबड्डी कबड्डी’ चालवतात आणि पोरांनी धावता धावता त्यांच्या दमाला दम लावायचा. अण्णांचा थांबेपर्यंत कुणी थांबायचं नाही. परराज्यातल्या पोरांना हे जमत नाही. ती आपली लय घरून घेऊन आलेली असतात. त्या दिवशी सराव आटपला होता, अण्णा घरी गेले होते, आणि दिगंबर मॅटच्या कडेला पाय पसरून बसला होता.

“डिगा, पाटाका म्हण.”

“काय?”

“पाटाका पाटाका. एका दमात, जमेल तितक्या जोरात.”

“ताई, सकाळी सकाळी काय इंजेक्शन घेतलंयसा काय?” तो हसला, पण म्हणाला. फोनमधल्या दमदारनं ऐकलं आणि हिरवी पट्टी दाखवली. एकसुद्धा अक्षर हललं नव्हतं. मी त्याला ‘टापाका’ म्हणायला लावलं, ‘काटापा’ म्हणायला लावलं. हिरवं, हिरवं. मग म्हटलं, आता कबड्डी म्हण.

लाल.

मी मॅटवरच बसले. त्याच्या जिभेला काहीच झालेलं नव्हतं. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो गोंधळून बघत राहिला.

“डिगा, ‘ड्डी’च्या आधी तू अडतोस. ते का?”

त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुमाला कळली व्हय? बाहीर बोलू नका, ताई. ती मास्तरांची खोच हाय.”

“कसली खोच?”

“आवो, तिथं दम एक कणभर थांबल्यागत हुतो. समोरच्याला वाटतंय ह्याचा दम तुटला, तो गाफील ऱ्हातोय, आणि तवर आपला हात पडलेला असतोय. मास्तरांनी तीन सीझनमागं काढली. आधी जरा जरा घेत हुते, आता चांगली ठळक घेत्यात. आमी पोरांनी लई मेहनत केली तिच्यासाठी. मला सगळ्यात आधी बसली.”

“अण्णांनी शिकवली?”

“शिकवत्यात कुठं? मास्तरांचा डाव इचारायचा नसतो. बघायचा आणि उचलायचा. त्यांनीच लावलीय ही सवय. इचारलं तर काठी घालतील पाठीत.”

तो आणखी काहीतरी सांगत होता. कुठल्या सामन्यात त्या खोचेनं किती गुण आणले वगैरे. मला नीट ऐकू येत नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट होती. पोरांची अडखळ दर सीझनला वाढत होती, कारण ती ज्यांच्याकडून घेतली त्यांची वाढत होती. आणि अण्णांनी आयुष्यात कधी कसली खोच वापरली नव्हती. तसल्या लबाडीला ते ‘बायल्या धंदा’ म्हणायचे, आणि त्या शब्दावरून माझी त्यांच्याशी दहादा भांडणं झाली होती.

मैदानापासून घर जवळ आहे. तरी मी गाडी दोनदा चुकीच्या गल्लीत घातली. मला घरी पोचायचंच नव्हतं. गप्प बसता येत होतं, हे मी स्वतःशी कबूल केलं. मी गप्प बसले असते तर दिगंबर गेला असता, आणि अण्णा रोज सकाळी मैदानावर जात राहिले असते, आनंदात, जितके दिवस जाता आलं असतं तितके. तब्येतीचा शेरा असलेला खेळाडू राखायचा तर कारण लीगला पुराव्यासकट कळवायचं, असा नियम; म्हणजे दिगंबरला वाचवायचं तर लाल पट्टीचं कारण लिहून द्यावं लागणार होतं. पुरावा म्हणजे अण्णांचा आवाज. देशातल्या प्रत्येक संघाच्या ऑफिसात तो वाजला असता. मला रडू यायला हवं होतं, पण संताप आला. कुणाचा, ते कळेना.

अण्णा ओसरीवर चहा पीत होते. आई आत कुकर लावत होती. चहाचा घोट घेताना अण्णांना ठसका लागला आणि आतून आई सवयीनं ओरडली, “सावकाश प्या जरा!” ती असं किती दिवस ओरडत होती? मी तिथंच उभी राहिले.

“अण्णा, एक गंमत आहे. पाटाका म्हणा.”

“कसली गंमत?”

“म्हणा ना. एका दमात.”

त्यांनी कप खाली ठेवला, छाती भरून घेतली. शब्द म्हणायचा तरी त्यांचा पवित्रा चढाईचाच. “पाटाका पाटाका पाट... का पाटा... टाका...” ते थांबले. मिशीतल्या मिशीत हसले. परत छाती भरली. परत तिथंच गाडं अडलं. तिसऱ्या वेळी ते हसले नाहीत.

“जीभ जड झालीया. तंबाखू सोडल्यापास्नं असं हुतंय,” ते म्हणाले.

“अण्णा, तंबाखू तुम्ही माझ्या दहावीच्या वर्षी सोडलीत.”

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. मशीन, दिगंबर, पोरं, मिरजेच्या बाई. शेवटी त्यांनी विचारलं, “म्हंजे पोरं ही अडखळ माझ्याकडनं घेत हुती?”

“हो. त्यांना वाटलं तुमची खोच आहे.”

“आन मला वाटत हुतं ही आजकालची पोरं टीव्हीवर बघून नवीन कायतरी फ्याशन करत्यात. म्हटलं करू दे, गुण येत्यात न्हवं.” ते माझ्याकडे बघत राहिले. एवढा धक्का बसलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, आजोबा गेले तेव्हासुद्धा नाही. “सगळ्यांचा आवाज एकसारखाच यायचा, रेवा. मग मला माझा येगळा ऐकू येणार कसा?”

आतून कुकरची शिट्टी झाली. त्यांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“डिगाची जीभ बरी हाय न्हवं?”

“एकदम बरी.”

“मग झालं की. तुझ्या मॅडमला दावायचं असंल तर मी येतो.”

“अण्णा, मी तुम्हाला यायला सांगितलेलं नाही.”

“तू सांगणार न्हाईस, म्हाईत हाय मला. गाडी काढ. आन तुझ्या आईला आत्ता काय बोलू नगस.”

मॅडमच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मी दिगंबरलाही बोलावून घेतलं होतं, आणि का बोलावलं ते त्याला माहीत नव्हतं. अण्णा आहेत म्हणून तो खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभा राहिला. मी पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

आधी दिगंबरनं ‘पाटाका’ म्हटलं. हिरवं. मग कबड्डी. लाल. मॅडमच्या कपाळावर आठी आली. “ही सवय असू शकते, किंवा आजाराची सुरुवात. आपण जोखीम का घ्यायची? मशीन शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर असतं.”

“याही वेळी बरोबर आहे,” मी म्हणाले. “फक्त आजार ज्याच्या तोंडून आलाय त्याच्यात नाही.”

अण्णा उठले, टेबलावरचा माईक त्यांनी स्वतःच ओढून घेतला आणि म्हणायला सुरुवात केली. पाटाका अडलं. कबड्डी अडलं, बरोबर ‘ड्डी’च्या आधी. पडद्यावर अण्णांची रेष दिगंबरच्या रेषेवर जाऊन बसली, आणि तिच्याखाली बाकी चौघांच्या. मॅडमनी हात तोंडावर नेला.

दिगंबर भिंतीपासून पुढं आला. एकदा पडद्याकडे, एकदा मास्तरांकडे बघत. “पाटाका पण अडतंय? मास्तर, तुमी मुद्दाम करताय न्हवं?”

अण्णांनी मान हलवली.

“म्हंजे... ती खोच न्हवती?”

“न्हवती, बाळा.”

“म्हंजे तीन सीझन आमी तुमचा आजार पाठ करत हुतो?” त्याचा आवाज एवढा चढला की बाहेरून कुणीतरी दार ढकलून पाहिलं. “रोज सकाळी? आन ती मला आधी बसली म्हणून मी बाकीच्यांना चिडवत हुतो? तुमाला सांगायला काय झालं हुतं आमाला? एकानं तरी इचारलं असतं!”

“इचारायचं न्हाई, असं मीच शिकवलं हुतं,” अण्णा म्हणाले.

मॅडमनी पाण्याचा ग्लास अण्णांच्या पुढं सरकवला. “सर, मी... मला कल्पना नव्हती. दिगंबर राहील. प्रश्नच नाही. रेवती, कारण जोडून घे.” मग त्यांनी मला हळूच विचारलं, “मुलांची ही सवय सुटेल ना?”

“सुटेल. योग्य दम रोज कानावर पडला तर काही महिन्यांत.”

“ठीक आहे. मग सर म्हणणार नाहीत, मशीन म्हणेल. रेकॉर्ड केलेला दम लावू. सर बाकीचं बघतील.”

“बाकीचं म्हंजे काय, मॅडम? शिट्टी वाजवू?” अण्णा हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “मी मधल्या रेषेवर उभा हाय तवर ही पोरं माझ्याकडंच बघणार. उद्या माझा पाय अडखळला तर तसं चालायला शिकतील. यादीत प्रशिक्षक म्हणून कुणाचं नाव हाय?”

“तुमचंच. श्रीपती कुंभोजकर, राखलेले.”

“ते सोडलेल्यांत घाला.”

“सर, डॉक्टरांचा रिपोर्ट तरी येऊ दे आधी.”

“डागदर त्यांच्या वेळंनं सांगतील. तुमचं दार पाचला बंद हुतंय.”

दिगंबर म्हणाला, मास्तर नसतील तर मलाही सोडा. अण्णांनी टेबलावर असा हात आपटला की ग्लासातलं पाणी सांडलं. “गप! तुला ठेवायसाठी मी इथं माझं तोंड वाजवून दावलंय. लीगभर वाजणार हाय ते आता. आन तू मला नाटकं दावतोस?” दिगंबरनं खाली बघितलं. त्याचे खांदे हलत होते आणि तो ते लपवायचा प्रयत्न करत होता.

यादी माझ्या लॅपटॉपवर होती. दरवर्षी ती मीच भरते. दिगंबर चौगुले, राखला. लाल पट्टीचं कारण लिहिलं, अण्णांचा आवाज जोडला. मग प्रशिक्षकाच्या ओळीवर आले आणि माझं बोट पुढं जाईना. मला वाटत होतं मॅडम अडवतील. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

“घाल की,” अण्णा म्हणाले. “का थांबलीस?”

“मला जमत नाही, अण्णा.”

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली, चष्मा नाकावर चढवला आणि पडद्यावर वाकून विचारलं, “कुठलं बटन?” मी दाखवलं. त्यांनी एका बोटानं, देवाला हळद वाहावी तसं, ते दाबलं. पडद्यावर यादी स्वीकारल्याचं आलं. मी आयुष्यात इतकी बधिर कधी झाले नव्हते. हे एवढं सगळं मी बांधलेल्या मशीनमुळं झालं आणि ते मशीन चुकलं नव्हतं. मला त्याच्यावर रागावताही येईना.

आम्ही परत निघालो. मारुती चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा एका पाणीपुरीवाल्यानं त्यांना ओळखून लांबूनच हात जोडले. अण्णांनीही जोडले, अगदी नेहमीसारखे.

“अण्णा, मी रोज घरात असते. दिवसभर लोकांचे आवाज ऐकते. तुमचा मला कसा ऐकू आला नाही?”

“बरं झालं न्हाई आला,” ते लगेच म्हणाले. “पयल्या वर्षीच कळलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस. तीन सीझन मिळाले. डिगाला कप्तान झालेला बघितला.”

त्यांना खरोखर तसं वाटत होतं. ते ऐकून मी हबकलेच. मागचा हॉर्न वाजायला लागला तेव्हा सिग्नल सुटल्याचं मला कळलं.

घराच्या कोपऱ्यावर त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. फाटकात आई उभी होती, पदराला हात पुसत, आमचीच वाट बघत. आम्ही दोघं दुपारचे जेवायला का आलो नाही, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर इथूनसुद्धा दिसत होता.

“आईला तू सांग,” अण्णा म्हणाले.

“मी? अण्णा, हे तुम्हीच सांगायला हवं.”

“मी सांगाय गेलो तर मधीच अडकंल,” ते म्हणाले, “आन तिला वाटंल मी रडतोय.”

त्यांनी दार उघडलं आणि ते माझ्या पुढं चालायला लागले.